परळचे पांढरे उंदीर आणि बेळगावची गाठ

कंग्राळी खुर्द आणि कंग्राळी बुद्रुक ही दोन्ही गावं आज बेळगाव शहराला इतकी चिकटली आहेत की शहर कुठं संपलं आणि गाव कुठं लागलं ते नवख्याला कळत नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी मधे मोकळी शेतं होती आणि पलीकडे मार्कंडेय नदी. शहरात काही पेटलं तर त्याची धग चालत चालत गावात यायला एक दिवस पुरे होता. १८९७ च्या पावसाळ्यानंतर जी धग आली ती प्लेगची, तिला या भागात गाठीचा ताप म्हणत. काखेत किंवा जांघेत गाठ उठायची, ताप चढायचा आणि बहुतेक जण आठवड्याच्या आत जायचे.

मुंबईत मांडवीच्या वस्तीत डॉ. अकासियो व्हिएगस यांनी पहिला रुग्ण ओळखला तो सप्टेंबर १८९६ मध्ये. तिथून बेळगावपर्यंत यायला रोगाला वर्षभर लागलं, आणि तो आला तो आगगाडीनं. सदर्न मराठा रेल्वेचा मिरज ते लोंढा हा फाटा तेव्हा जेमतेम दहा वर्षांचा होता. धान्याच्या पोत्यांतून उंदीर आणि उंदरांच्या अंगावरून पिसवा उतरत होत्या, हे त्या वेळी कुणालाच ठाऊक नव्हतं. सरकार माणसं तपासत होतं, घरं धुवत होतं, सामान जाळत होतं. खेड्यांनी त्यापेक्षा शहाणपणा दाखवला असं मला वाटतं. घरात उंदीर मरून पडले की लोक गाव मोकळं करून रानात झोपड्या घालून राहायचे. कारण माहीत नव्हतं, पण उपाय अचूक होता: उंदीर मेले की त्यांच्या अंगावरच्या उपाशी पिसवा माणसाकडे वळतात, आणि तेव्हा माणूस तिथं नसलेला बरा.

१९०१ च्या खानेसुमारीत बेळगाव जिल्ह्याची लोकसंख्या ९ लाख ९३ हजार ९७६ भरली, दहा वर्षांपूर्वीपेक्षा सुमारे दोन टक्क्यांनी कमी. त्याआधीच्या दशकात हाच जिल्हा सतरा टक्क्यांनी वाढला होता. दुष्काळाचा वाटा यात आहेच, तरी गाठीच्या तापाचा वाटा लपत नाही.

याच काळात मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेजच्या एका लहानशा प्रयोगशाळेत वाल्डेमार हाफकिन नावाचा ओडेसाचा माणूस बाटल्यांत रस्सा शिजवत होता. रस्सा बकऱ्याच्या मटणाचा, कारण गाय आणि डुक्कर दोन्ही वर्ज्य असलेल्या देशात लस टोचायची होती. वर तुपाचे थेंब सोडलेले. तुपाच्या थेंबाला धरून जिवाणू खाली लोंबत वाढतात, हे हाफकिनच्या नजरेनं टिपलेलं होतं. पाचसहा आठवडे ही वाढ होऊ द्यायची, मग बाटली गरम करून जिवाणू मारायचे आणि थोडं कार्बोलिक ॲसिड घालायचं. १० जानेवारी १८९७ रोजी त्यानं ही लस स्वतःला टोचून घेतली, मात्रा नेहमीच्या तिपटीहून जास्त. महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात साथ शिरली तेव्हा निम्म्या कैद्यांनी ती घेतली. लस घेतलेल्या १४७ जणांत दोघे आजारी पडले, मेलं कुणी नाही. न घेतलेल्या १७२ जणांत बारा आजारी, सहा मृत्यू.

बेळगाव या गोष्टीत येतं ते १८९७ च्या अखेरीला. कँपातल्या २६ व्या मद्रास पायदळ पलटणीत प्लेग शिरला. पलटण म्हणजे बंदिस्त वस्ती. हुकूम झाला की शिपाई आणि त्यांची बायकामुलं एका रांगेत उभी राहतात, आणि कोण आजारी पडलं, कोण वाचलं याची नोंद चोख राहते. त्या पलटणीला जवळजवळ सरसकट लस टोचली गेली आणि त्यानंतर साथ ओसरली. हाफकिनच्या बाजूचे लोक पुढं बेळगावचं उदाहरण वारंवार देत. विरोधकांनी विचारलं, साथ आपोआपच ओसरत नव्हती कशावरून? शंका रास्त होती. म्हणून फेब्रुवारी १८९८ मध्ये बडोद्याजवळच्या उंधेरा गावात एकाच घरातली काही माणसं टोचली आणि काही तशीच ठेवली. आज अशा प्रयोगाला कुणी परवानगी देणार नाही. ज्या २८ घरांत प्लेग आला तिथं लस घेतलेल्या ७१ जणांपैकी आठ आजारी पडले आणि तिघे गेले. न घेतलेल्या ६४ पैकी सत्तावीस आजारी पडले, त्यातले सव्वीस मेले.

यानंतर हुबळी. कॅप्टन लॉयमान नावाच्या सर्जननं १८९८ च्या उन्हाळ्यापासून सप्टेंबरपर्यंत पन्नासएक हजार वस्तीच्या या गावात सुमारे ३८ हजार लोकांना टोचलं, अनेकांना दोनदा. माणसं आपण होऊन रांगेत आली असं कुणी सांगितलं तर त्यावर विश्वास ठेवू नये. लस घेतल्याचा दाखला असला की तपासणीतून आणि विलगीकरणाच्या छावणीतून सुटका व्हायची, आणि त्या छावण्यांची धास्ती गाठीइतकीच होती. पुण्यात प्लेगचा बंदोबस्त पाहणाऱ्या रँडच्या खुनाला तेव्हा जेमतेम वर्ष होत होतं. दंड सुजायचा, ताप भरायचा, दोन दिवस काम बुडायचं. ताप चढला म्हणजे लस खरी, असा हाफकिनचा हिशेब होता, आणि बाटलीत दम किती आहे हे तो माणसाला किती ताप येतो त्यावरून ठरवी.

आता हाफकिननं नेमकं काय टोचलं, या प्रश्नाकडे यायला हवं, कारण पुढची साठ वर्षं त्याभोवतीच गेली. त्याची स्वतःची कल्पना अशी होती की बाटलीत दोन गोष्टी आहेत. एक, मेलेल्या जिवाणूंची शरीरं, जी रोग होऊच देणार नाहीत. दुसरी, जिवाणूंनी रश्श्यात सोडलेलं विष, जे रोग झाला तरी मरू देणार नाही. म्हणून तो जिवाणू गाळून वेगळे न करता सगळा रस्साच टोचत असे. अँटिजेन, म्हणजे शरीराला जिच्याविरुद्ध प्रतिपिंड तयार करावे लागतात ती परकी वस्तू, ही कल्पना तेव्हा नुकती आकार घेत होती. तरी एकाच जंतूचे वेगवेगळे भाग वेगवेगळ्या तऱ्हेचं संरक्षण देतात हे त्यानं ओळखलं होतं. तपशील चुकला, दिशा बरोबर होती.

१८९९ च्या ऑगस्टमध्ये त्याची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली. ऑक्टोबर १९०२ मध्ये पंजाबातल्या मुलकोवाल गावी लस घेतलेली १९ माणसं धनुर्वातानं मेली आणि सगळा दोष हाफकिनच्या माथी आला. तो निर्दोष ठरायला पाच वर्षं गेली. तो परळला परत आला नाही. १९२५ मध्ये संस्थेला त्याचं नाव दिलं गेलं. सरकारच्या चुका अशाच फिटतात.

त्याच्या जागी आलेले बॅनरमन हे कष्टाळू हिशेबनीस होते. त्यांनी गावोगावचे लस घेतलेल्यांचे आणि न घेतलेल्यांचे आकडे जमवले. पण माणसांचे आकडे कितीही जमवले तरी बाटलीत काय आहे हे त्यातून कळत नव्हतं. कुठल्या गावात उंदीर किती, घरं कशी, लोक रानात कधी गेले, या सगळ्याची भेसळ त्यात असायची. दोन लसींची तुलना करायची तर असा प्राणी हवा होता जो स्वस्त आहे, एकसारखा आहे आणि प्लेगनं हमखास मरतो.

मुंबईचे घरातले काळे उंदीर त्या कामाचे नव्हते. १९३७ मध्ये परळच्या सोखी आणि चित्रे यांनी दाखवलं की वर्षानुवर्षं प्लेग सोसलेल्या शहरांतल्या उंदरांना तो जंतू टोचला तरी बहुतेक जगतात, आणि जिथं साथ फारशी गेली नाही अशा मद्राससारख्या शहरांतले पटापट मरतात. साथीनं कमकुवत उंदीर मारून टाकले होते, उरलेल्यांची वीण चिवट निघाली होती. १९१० नंतर मुंबई प्रांतातली साथ का उतरत गेली याचं एक उत्तर इथं आहे, आणि त्यात लसीला श्रेय नाही.

साहिब सिंग सोखी हे १९३२ मध्ये संस्थेचे पहिले भारतीय संचालक झाले. नर्तकी मॅडम मेनका यांचे हे पती. त्यांनी प्रयोगशाळेत वाढवलेले छोटे पांढरे उंदीर निवडले आणि प्लेगची लस मोजायची पद्धतच बसवली. जिवाणू नेमके मोजायचे, ठरावीक उंदरांना ठरावीक मात्रा टोचायची, काही दिवसांनी मारक जंतू द्यायचे आणि किती जगले ते लिहायचं. आधी माणसाच्या तापावर जे ठरत होतं ते आता उंदरांच्या जगण्यावर ठरू लागलं. परळच्या या कामाची मालिका १९३९ मध्ये प्रसिद्ध झाली, आणि प्लेगच्या लसीबद्दल पुढं जगात जे लिहिलं गेलं त्यात तिचा हवाला सापडतो.

खरा पेच याच सुमाराला पुढं आला. लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये शुट्झ यांनी १९३२ मध्ये हाफकिनच्या लसीवरच लेख लिहिला. त्यांचं म्हणणं असं की प्लेगचा जिवाणू कुठल्या तापमानाला वाढतो त्यावर त्याचं बाह्यरूप ठरतं. सदतीस अंशांना, म्हणजे माणसाच्या अंगाच्या उबेला, तो स्वतःभोवती एक चिकट पांघरूण घेतो. पंचवीस सत्तावीस अंशांना तो बिनपांघरुणाचा, नुसत्या अंगानं असतो. पांघरूण हा एक अँटिजेन, अंगावरचे बाकीचे घटक हे दुसरे. ज्या रूपातला जिवाणू टोचाल त्या रूपाविरुद्धच प्रतिपिंड तयार होणार. हाफकिनच्या बाटल्या मुंबईच्या हवेत नुसत्या ठेवलेल्या असत. म्हणजे बेळगावच्या शिपायाच्या दंडात गेलेला जंतू बहुतेक बिनपांघरुणाचा होता, आणि त्याच्या अंगात शिरणारा खरा जंतू काही तासांत पांघरूण घेणार होता.

मग ती लस चालली कशी? उंधेराचे आकडे खोटे नव्हते. याचं उत्तर पिसवेत आहे. पिसवेचं अंग थंड असतं, त्यामुळे तिच्या पोटातला जिवाणू बिनपांघरुणाचाच असतो आणि तसाच माणसाच्या कातडीत उतरतो. १९५९ मध्ये अमेरिकेतल्या कॅव्हनॉ आणि रँडल यांनी पुढचा भाग उलगडला. उतरलेल्या जिवाणूंपैकी बरेचसे एका जातीच्या पांढऱ्या पेशींकडून मारले जातात. पण दुसऱ्या जातीच्या पेशींच्या पोटात गेलेले तिथं मरत नाहीत, उलट तिथल्या उबेत पांघरूण घालून बाहेर पडतात. मधल्या त्या काही तासांत नुसत्या अंगाविरुद्धचे प्रतिपिंडही उपयोगी पडत असणार, हा माझा तर्क. शिवाय सत्तावीस अंशांना पांघरूण कमी असतं, शून्य नसतं.

परळनं मात्र शुट्झचं पूर्णपणे ऐकलं नाही. तिथली वाढ सत्तावीस अंशांच्या आसपासच चालू राहिली, कारण पांढऱ्या उंदरांच्या परीक्षेत ती उतरत होती. शुट्झचे प्रयोग मोठ्या जातीच्या उंदरांवर झाले होते आणि त्यांच्यात पांघरुणाचा महिमा स्पष्ट दिसत होता. छोट्या उंदरांत हिशेब तितका सरळ बसत नव्हता. दोन शहरांतली दोन माणसं दोन प्राण्यांकडून दोन उत्तरं घेऊन भांडत होती आणि आपापल्या जागी दोघंही बरोबर होती.

या गोंधळात जावामध्ये ओटेन यांनी आणि मादागास्करमध्ये जिरार व रोबिक यांनी तिसरीच वाट धरली. त्यांनी जंतू मारलाच नाही, त्याची धार बोथट करून जिवंतच टोचला. जिवंत जंतू अंगात काही दिवस राहतो, अंगाच्या उबेत पांघरूण घेतो, आणि माणसाच्या पेशींवर हल्ला करण्यासाठी लागणारी खास प्रथिनंही बाहेर काढतो, जी रश्श्यात मारलेल्या जंतूत क्वचितच असतात. शरीराला शत्रू सर्व रूपांत दिसतो. पण जिवंत लस साठवणं, वाहून नेणं आणि तिच्यावर भरवसा ठेवणं अवघड. मुलकोवालची आठवण असलेल्या परळला मेलेली लसच बरी वाटली असेल तर नवल नाही.

१९५२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या कार्ल मेयर यांच्या प्रयोगशाळेत बेकर आणि सहकाऱ्यांनी ते पांघरूण जिवाणूपासून वेगळं काढलं, शुद्ध केलं आणि त्याला फ्रॅक्शन वन, पुढं नुसतं एफ-वन असं नाव पडलं. त्याचे दोन प्रकार निघाले, एक साखरेशी जोडलेलं प्रथिन आणि एक नुसतं प्रथिन. हे शुद्ध एफ-वन टोचल्यावर छोटे उंदीर वाचले, मोठे उंदीर वाचले, गिनीपिग मात्र मेले. गिनीपिगांना वाचवायला जिवाणूचा न विरघळणारा उरलेला गाळही लागला. म्हणजे शुट्झ आणि परळ यांच्या वादाचं मूळ प्राण्यांच्या जातीत होतं. एकच अँटिजेन एका जातीला पुरतो, दुसरीला पुरत नाही. माणूस यातल्या कुणासारखा, हे उंदीर सांगू शकत नव्हते. तरी लोकांना टोचायची बाटली उंदरांच्याच मतानं पास होत होती, आणि दुसरा मार्ग नव्हता हेही खरं.

नंतर प्रश्न आणखी बारीक झाला: प्रतिपिंड झाले, पण कुठल्या जातीचे? उंदराला शुद्ध प्रथिन तुरटीच्या क्षारात मिसळून टोचलं की आयजीजी-वन जातीचे प्रतिपिंड भरपूर होतात. जिवंत जंतू दिला की आयजीजी-टू-ए जातीकडे कल जातो, जी पेशींना जंतू गिळायला अधिक मदत करते. नुसती साखर असलेला अँटिजेन दिला तर बहुधा आयजीएम तयार होतं आणि आठवण फारशी टिकत नाही. प्रथिन असेल तर टी-पेशी मदतीला येतात, दुसऱ्या टोचणीला उसळी मारून आयजीजी वाढतं. हुबळीत लॉयमाननं अनेकांना दोनदा टोचलं होतं, त्याचा उपयोग का होतो ते इतक्या उशिरा कळलं. एफ-वन मात्र या वर्गवारीत नीट बसत नाही. प्रथिन असूनही त्याचे तुकडे माळेच्या मण्यांसारखे एकसारखे जोडलेले असतात. २०१८ मध्ये इस्राएलमधल्या संशोधकांनी उंदरांत दाखवलं की बी-वन-बी नावाच्या पेशी या माळेला थेट ओळखतात आणि थोड्याच दिवसांत संरक्षण देणारे प्रतिपिंड सोडतात.

हाफकिनच्या लसीचा दुसरा दुबळेपणाही उंदरांनीच दाखवला. मेलेल्या जंतूंच्या लसीनं गाठीच्या प्लेगपासून ते वाचत, पण जंतू श्वासातून फुफ्फुसात गेला की मरत. १९५६ मध्ये इंग्लंडमध्ये बरोज यांनी व्ही नावाचा अँटिजेन शोधला होता, जो जंतू अंगाच्या उबेत आणि कॅल्शियम कमी असेल तेव्हाच काढतो. १९९५ मध्ये पोर्टन डाउनच्या विल्यमसन आणि सहकाऱ्यांनी एफ-वन आणि व्ही दोन्ही एकत्र टोचले तेव्हा उंदरांना मिळालेलं संरक्षण एकट्या कुठल्याही अँटिजेनपेक्षा सरस निघालं. बिनपांघरुणाचेही काही प्लेगचे जंतू निसर्गात असतात आणि ते एकट्या एफ-वनच्या लसीला हुलकावणी देतात, म्हणून जोडी हवी. आजच्या नव्या प्लेग लसींपैकी बऱ्याच या जोडीवर उभ्या आहेत.

बेळगावात लसीचं मोठं काम झालं ते दुसऱ्याच रोगावर. टिळकवाडीतला व्हॅक्सिन डेपो आज फिरायला जायची जागा म्हणून ओळखला जातो. पूर्वी तिथं वासरांच्या कातडीवर देवीची लस वाढवत. देवी निर्मूलनाच्या मोहिमेत गोठवून वाळवलेली लस बनवणाऱ्या देशातल्या चार केंद्रांत बेळगाव होतं, गिंडी, हैदराबाद आणि पटवाडांगर यांच्या सोबत. ती लस जिवंत विषाणूची होती. एका टोचणीत दंडावर व्रण आणि वर्षानुवर्षं टिकणारं संरक्षण. प्लेगची लस दर सहा महिन्यांनी नव्यानं मागायची आणि तरी पुरती खात्री द्यायची नाही. दोन लसींमधला हा फरक या भागातल्या म्हाताऱ्या माणसांनी स्वतःच्या दंडावर अनुभवला होता, त्याला शास्त्राची भाषा नंतर मिळाली.

परळमध्येच सोखी आणि बी. बी. दीक्षित, जे पुढं दिल्लीच्या एम्सचे पहिले संचालक झाले, यांनी १९४० मध्ये प्लेग झालेल्या उंदरांना सल्फा औषधं देऊन वाचवलं. पुढच्या वर्षी डॉ. वागळे यांच्यासह रुग्णांवरच्या उपचारांचा अहवाल आला. मग स्ट्रेप्टोमायसिन आलं, डीडीटी आलं आणि लसीची निकड मंदावली. १९५० मध्ये सोखी, हब्बू आणि भरुचा यांनी मटणाच्या रश्श्याऐवजी दुधाच्या केसिनपासून केलेल्या द्रावणात लस वाढवायची कृती प्रसिद्ध केली. बकऱ्याचा तो रस्सा अर्ध्या शतकानंतर प्रयोगशाळेतून बाहेर पडला. १९९४ पूर्वीचे भारतातले शेवटचे खात्रीचे मानवी रुग्ण १९६६ मध्ये सापडले ते आजच्या कर्नाटकातच, पण दूर कोलारकडे.

१९९४ मध्ये बीड जिल्ह्यात आणि सुरतेला पुन्हा प्लेगचं नाव निघालं तेव्हा भर लसीवर नव्हता. गोळ्या वाटल्या गेल्या आणि रक्ताचे नमुने दिल्लीला गेले. उंदरांचं आणि माणसांचं रक्त ज्या पदार्थावर तपासलं जातं तो पदार्थ एफ-वन, शुट्झच्या जिवाणूचं तेच पांघरूण. मेंढीच्या तांबड्या पेशींवर एफ-वन चढवायचं आणि त्यात तपासायच्या रक्ताचा पातळ भाग घालायचा. प्रतिपिंड असतील तर पेशी एकमेकींना चिकटून तळाशी जाळी धरतात. मग खात्रीसाठी दुसऱ्या नळीत थोडं मोकळं एफ-वन आधीच घालून ठेवायचं. या वेळी जाळी धरली नाही, तरच प्रतिपिंड प्लेगचे मानायचे.